ओलं लाकूड

दर मंगळवारी मी इथे मागच्या दाराने येतो.
तिथे टोमॅटोचे रिकामे डबे असतात, भिंतीला टेकलेलं एक मांजर,
पिकअप उलटा घालायचा, काजूची लाकडं उतरवायची,
काटा, सही, पैसे. झालं.
आज शनिवार. पुढचं दार.
पुढच्या दाराला पितळेची एवढी जाड कडी आहे
हे सहा वर्षांत मला माहीत नव्हतं.

विश्रांतीने अबोलीचा वळेसर माळलाय
आणि ती सारखी स्वतःच्या चपलांकडे बघतेय.
यादी लिहिणारी मुलगी विचारते, नाव?
झिलू, मी म्हणतो.
ती लिहिते जेलो, आणि म्हणते पन्नास मिनिटं, अंकल.

पन्नास मिनिटांत मी डिचोली गाठतो,
तिथून साखळी, वाळपई, घर.
आम्ही आसगावच्या त्या आंब्याखाली उभे,
दिल्लीच्या नंबरांच्या गाड्या मोजत.
चौदा झाल्या तेव्हा जेलोला हाक आली.

टेबल नेमकं भट्टीसमोर.
पोरगा पाणी ओततो आणि पिठाची कुळकथा सांगतो:
तीन दिवस मुरतं, थंडीत, हळूहळू.
तीन दिवस? विश्रांती म्हणते,
आमच्या सान्नांचं पीठ एका रात्रीत फसफसतं.
तुमचं आळशी दिसतं.
पोरगा हसतो. वहीत काहीतरी लिहितो. काय लिहिलं देव जाणे.

मग मला तो आवाज आला.
सगळ्या हॉटेलात गाणं वाजतंय, काटे वाजतायत,
शेजारी कुणाचा तरी वाढदिवस,
आणि भट्टीतून बारीक, सारखं, स्स्स्स,
ओंडक्याच्या टोकाला फेस.
आगीत बसून रडणारं लाकूड मी मैलावरून ओळखतो.
हे माझंच.
गेल्या मंगळवारी वजनाला कमी पडत होतं
म्हणून तळाशी पाच-सहा ओले घातले होते,
आठवड्यापूर्वी तोडलेले, चीक न सुकलेला.
कोण बघतंय तळाशी?

धूर खाली आला. जाळ पिवळा पडला.
इनासने डोळे पुसले, लांब दांड्याने निखारे ढोसले,
आतला पिझ्झा फिरवला, पुन्हा फिरवला.
त्याचा बाप शिवोलीत पाव भाजायचा,
त्याला आग शिकवायची गरज नाही.
टेबलं ताटकळली. यादीवाली मुलगी दारात माफी मागत होती.
मी मेन्यू वाचत राहिलो, उलटा की सुलटा, आठवत नाही.

आमचा आला तेव्हा
मधे पांढरा, कडेला काळे डाग.
विश्रांती नखाने खरवडायला लागली. करपलाय हो.
पोरगा म्हणाला, नाही, याला बिबट्या म्हणतात,
असे ठिपके पडले की भट्टी बरोबर.
बिबट्या! ती म्हणाली,
गणपतीनंतर आमचा कुत्रा नेला त्याने.
पोराला पुढे काय बोलावं कळेना.

चव? आंबट, खारट, कोपऱ्यात धुराची.
धूर माझा होता म्हणून मला जास्त लागला असेल.
तिला तुळशीची पानं आवडली,
पण ती पानं खाल्ली का बाजूला ठेवली, मी पाहिलं नाही.
मी इनासकडे बघत होतो.
आणि एकदा त्याने बघितलं.
आधी मला, मग भट्टीला, मग परत मला.

बिल नऊशे वीस.
मनातल्या मनात त्याची लाकडं केली:
सव्वा क्विंटल, कोरडी.

निघताना तो बाहेर आला, कपाळावर पीठ,
विश्रांतीला नमस्कार केला, खोका तिच्या हातात दिला,
न मागितलेला, गरम.
मला एवढंच म्हणाला,
मंगळारा सुकीं हाड.
आणि आत गेला.

साखळी सोडल्यावर घाटातली वळणं लागली.
खोका तिच्या मांडीवर. झाकण ती दर दोन मिनिटांनी उघडून बघे.
मागे हौद्यात राहून गेलेला एक ओंडका
वळणागणिक इकडून तिकडे गडगडत होता.
काय वाजतंय हो?
लाकूड, म्हटलं. उतरवायचं राहिलं.